वेस्टमीडला आलात तर खाल काय?



मागील अंकी आम्ही मुलांच्या मराठी वाचनाविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्यांचा विषय वाचन नसून भोजन हा होता! शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रसंग नवे नाहीत. वर्गात व्याकरण शिकवावे आणि मधल्या सुटीची घंटा केव्हा होईल, असा प्रश्न मागल्या बाकावरून यावा, हे आम्ही तीस वर्षे अनुभवले आहे. सबब, राग न मानता या खेपेस आम्ही मधल्या सुटीचाच विषय घेत आहो.

एका भगिनीने लिहिले आहे, "सासूबाईंना महिन्यातून दोनदा वेस्टमीडला तपासणीसाठी आणावे लागते. सकाळचे आलेले संध्याकाळ होते. डबा नेतो, पण तो दुपारपर्यंत गारगोटी होतो आणि सासूबाई गार अन्नास हात लावीत नाहीत. आपण तेथेच राहता, तेव्हा सांगा, आपल्या माणसाने तेथे खावे कोठे आणि काय?"

प्रश्न साधा दिसतो, तसा तो नाही. सिडनीत सिनेगॉगे आणि कोशेर खाटीक हे बहुतांशी पूर्वेस बाँडायच्या बाजूस किंवा उत्तरेस सेंट आयव्हजकडे. वेस्टमीड पडले पश्चिमेस. येथे इस्पितळ आहे. १९७८ साली ते सुरू झाले आणि १९९५ साली मुलांचे मोठे इस्पितळही कँपरडाउनहून येथे आले. त्यामुळे सुखाने नव्हे, तरी दुःखाने येथे प्रत्येकाला केव्हा ना केव्हा यावेच लागते. चिंतेत असलेल्या माणसाला भूक लागत नाही असे म्हणतात. आमचा अनुभव निराळा आहे. लागते, आणि ती आईच्या हातच्या अन्नाची लागते.

प्रथम भूगोल सांगतो. वेस्टमीड स्टेशनावर शहराच्या दिशेची गाडी धरावी. पहिले स्टेशन पॅरामॅटा, दुसरे हॅरिस पार्क. दुसऱ्या स्टेशनावर उतरावे. बाहेर पाऊल टाकताच तळलेल्या मिरचीचा, हिंगाचा आणि उदबत्तीचा वास येतो. वास आला की समजावे, आपण योग्य ठिकाणी आलो. विग्रॅम स्ट्रीट, मॅरियन स्ट्रीट आणि स्टेशन स्ट्रीट ईस्ट हे तीन रस्ते म्हणजे येथील 'लिटल इंडिया'. २०२३ सालच्या मे महिन्यात भारताचे पंतप्रधान सिडनीस आले असता त्यांनी भर सभेत येथील चॅटकॅझची चाट आणि जयपूर स्वीट्सची जलेबी यांचा नावानिशी उल्लेख केला होता. त्या भाषणातील इतर गोष्टी श्रोते विसरले असतील, जलेबी मात्र कोणी विसरले नाही.

विग्रॅम स्ट्रीटवर जुनी बैठी घरे आहेत. ओटी, पुढे छोटे अंगण, लाकडी कठडा. या घरांतूनच खानावळी थाटलेल्या आहेत. जेथे कोणे एके काळी कोणा कुटुंबाची बैठकीची खोली होती, तेथे आता तंदूर पेटलेला असतो. अंगणात मेज मांडून माणसे जेवतात. रात्री नऊनंतर गेलात तर अलिबागच्या जत्रेत आल्यासारखे वाटावे, इतकी गर्दी.

गंमत अशी की याच परिसरात, हल्लीच्या रूझ स्ट्रीटजवळ, जेम्स रूझ या सजा भोगून सुटलेल्या माणसाने १७८९ पासून शेतीचा प्रयोग केला. सरकारी कोठारातील शिध्यावाचून स्वतःच्या जमिनीवर एका कुटुंबाचे पोट भरते, हे त्याने १७९१ साली सिद्ध करून दाखविले. जेथे या वसाहतीत धान्यावर पोट भरण्याचा पहिला प्रयोग यशस्वी झाला, तेथेच आज शेकडो माणसे पोळी आणि कुलचा खात आहेत! पुढे ती जमीन जॉन हॅरिस या शल्यवैद्याकडे गेली आणि त्याच्यावरूनच या गावाचे नाव पडले. वैद्याच्या नावाच्या गावात इस्पितळाच्या पाहुण्यांनी जेवावयास जावे, हाही एक योगच म्हणावयाचा.

आता मुख्य मुद्दा. तेथे जाऊन आपण खावे काय?

मांसाचा प्रश्न आम्ही प्रथमच निकालात काढतो. या रस्त्यांवर बकऱ्याचे मटण, तंदुरी कोंबडी, हैदराबादी बिर्याणी यांची नामवंत दुकाने आहेत आणि त्यांचा सुवास दूरवर जातो. तो सुवासच घ्यावा. आपल्यातील काही तरुण मंडळी म्हणतात की पाटीवर 'हलाल' लिहिले आहे, म्हणजे आपलेही काम भागले. तसे नाही. दोन्ही समाजांत डुकराचे मांस वर्ज्य आहे आणि दोन्हींत जनावर कापण्याचे नियम आहेत, एवढे साम्य खरे. परंतु हलाल म्हणजे कोशेर नव्हे. आपला शोहेत निराळा, सुरी तपासण्याची रीत निराळी, रक्त काढण्यासाठी मांस मिठात ठेवण्याची रीत निराळी. शिवाय कोंबडीच्या रश्शात दही आणि लोणी घातलेले असते, ते वेगळेच. आमच्या आजीच्या रश्शात नारळाचे दूध असे. लहानपणी आम्हांस वाटे, कोकणात नारळ स्वस्त म्हणून. मोठेपणी कळले की गाईम्हशीचे दूध मांसाला चालत नाही, म्हणून. कोकणाने आपल्याला नारळ दिला आणि तोराने सांगितलेला नियम पाळणे सोपे करून टाकले.

तेव्हा उरले शाकाहारी जेवण. येथे हॅरिस पार्क आपल्यावर खरोखर उदार आहे. वर ज्या चॅटकॅझचे नाव आले, ते उपाहारगृह संपूर्ण शाकाहारी असून स्टेशन स्ट्रीट ईस्टवर, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईकरास तेथे भाषांतराची गरज पडत नाही. पावभाजी, वडापाव, शेवपुरी, दाबेली ही नावे भिंतीवर वाचली की आपले वय चाळीस वर्षांनी कमी होते. वडापावाची गोष्ट आमच्या पिढीला विशेष जवळची. कारण १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे मानतात, म्हणजे तो जवळजवळ आमच्याच वयाचा. त्यातील पाव पोर्तुगीजांकडून आलेला. त्यातील बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली. यांतील एकही वस्तू मूळची आपली नाही आणि तरीही वडापावाइतके मुंबईचे दुसरे काही नाही! परदेशी येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना या पदार्थापासून धीर घेता येण्याजोगा आहे.

दक्षिणी पद्धतीचे डोसे, इडल्या, उत्तप्पे देणारी दुकानेही या भागात अनेक आहेत. आजारी माणसासाठी इडलीसारखे दुसरे पथ्य नाही. पण ध्यानात असावे की डोशाच्या पुष्कळ दुकानांत मांसाहारही शिजतो. पाटी डोशाची आणि मुदपाकखाना मटणाचा, असे होऊ शकते.

येथे आम्ही आमचीच एक फजिती सांगतो, दुकानाचे नाव न घेता. पहिल्या वर्षी एका ठिकाणी आम्ही मोठ्या आनंदाने कांदाभजी मागविली. 'व्हेज?' असे विचारले; 'व्हेज, व्हेज,' असे उत्तर आले. दोन भजी खाऊन झाली आणि तिसरीच्या पोटातून कोळंबीचे शेपूट निघाले. कढई एकच होती. त्या माणसाने फसविले असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही विचारले कांद्याविषयी, त्याने सांगितले कांद्याविषयी. चूक प्रश्नाची होती. अध्यापन विद्यालयात आम्हांस शिकविले होते की विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर प्रथम आपला प्रश्न तपासावा. तेव्हापासून आम्ही पुढील पाच प्रश्न पाठ करून ठेवले आहेत आणि वाचकांनीही ते पाठ करावेत.

पहिला: कढई आणि तवा मांसमासळीपासून निराळे आहेत काय? दुसरा: पनीर घरी लिंबाने किंवा व्हिनेगरने दूध नासवून केलेले आहे काय, आणि वर किसून घालतात ते चीज कोणते? कित्येक चीजांत रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेला रस असतो. पावभाजीवर चीज नको म्हणून सांगितले की अर्धे काम होते. तिसरा: पाव आणि नान यांत कोणती चरबी आहे? चौथा: मिठाईत जिलेटिन आहे काय? साध्या जलेबीत ते नसते. रंगीत, थरथरणाऱ्या वस्तूंत असू शकते. पाचवा: व्हिनेगर असेल तर ते द्राक्षांचे तर नव्हे?

हे विचारताना संकोच करू नये. येथे जैन गिऱ्हाईक येऊन कांदा-लसूण आहे का विचारते, मुसलमान गिऱ्हाईक डुकराची चरबी आहे का विचारते. दुकानदारास सवय आहे. हसून विचारले तर तो हसून सांगतो, क्वचित कढईही दाखवितो.

यावर कोणी म्हणतील, पाच प्रश्न विचारले तरी ते भोजन दाखल्याचे कोशेर होत नाही. बरोबर आहे. आम्ही रब्बी नाही, शिक्षक आहो. आमचा हा स्तंभ दाखला नव्हे. ज्या घरांत दाखल्यावाचून बाहेरचे अन्न घेत नाहीत, त्यांनी सिडनीच्या कश्रुत अ‍ॅथॉरिटीकडे विचारावे, किंवा फळे, शहाळ्याचे पाणी आणि बंद पाकिटातील वस्तू यांवर दिवस काढावा. परंतु जी घरे भारतात उडुप्याच्या हॉटेलात निःशंक बसत असत, त्यांनी येथेही बसावे आणि डोळे उघडे ठेवून बसावे, एवढेच आमचे म्हणणे.

आता थोडे विषयांतर. आमच्या वर्गात एक मेक्सिकन कुटुंबातील मुलगा होता. एके दिवशी आमच्या डब्यातील पोळी पाहून तो म्हणाला, "सर्वांना वाटते टाको फक्त आमच्याकडे आहे, पण तुम्हीही गुंडाळून खाता!" त्याने सांगितले ते आम्ही पुढे वाचून पडताळून पाहिले. त्यांच्याकडे मका चुन्याच्या निवळीत शिजवितात, दळतात आणि त्याची पातळ भाकरी करतात. तिच्यात कालवण घातले की टाको. मेक्सिको शहरातील एल कलिफा दे लेओन हे १९६८ पासूनचे टाकोचे दुकान इतके अरुंद की माणसे उभ्यानेच खातात; त्याला २०२४ साली मिशेलिनचा तारा मिळाला. त्यांचा दुसरा प्रसिद्ध टाको 'अल पास्तोर', ज्यात मांस उभ्या सळईवर फिरवून भाजतात. ती रीत त्यांना लेबनॉन बाजूच्या स्थलांतरितांनी दिली. अरबांचे मेंढीचे शवर्मा तेथे गेले आणि डुकराचे झाले! हॅरिस पार्कातही लेबनॉनी मंडळी आपल्या लोकांच्या आधी आली. त्यांचे मॅरोनाइट पंथाचे मोठे चर्च आजही तेथे उभे आहे. जगभर हे असेच चालते. आधी आलेला मागून येणाऱ्याला चूल देतो. मात्र त्या चुलीवर काय शिजवावे आणि काय शिजवू नये, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

आपल्याविषयी तर हे ठरविणे म्हणजेच आपली ओळख. परंपरा सांगते की डेव्हिड राहबी कोकणात आला तेव्हा आपल्या पूर्वजांस हिब्रू येत नव्हते, पुस्तके गलबताबरोबर नवगावच्या समुद्रात बुडाली होती. तेव्हा त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी शिजवावयास घेतली आणि उरलेली बाजूला सारली. त्याने ओळखले, ही आपली माणसे. आपल्या समाजाची पहिली परीक्षा वाचनाची नव्हती. ती स्वयंपाकघरात झाली आणि ती स्त्रियांनी उत्तीर्ण केली. शेजारच्या पॅरामॅटाचे नाव तर येथील मूळ रहिवाशांच्या भाषेत ईल माशावरून पडले आहे. ईल म्हणजे आपल्या वामीच्या जातीचा, सापासारखा लांबोडका. त्याला खवले असले तरी इतके सूक्ष्म व कातडीत रुतलेले की धर्माच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. राहबी येथे आला असता तर त्याला टोपली शोधावी लागली नसती!

आता आम्ही जे सांगणार आहो, त्यासाठी खरे पाहता हा लेख लिहावयास घेतला.

आमच्या आत्याबाई काही वर्षांपूर्वी आजारी पडल्या. येथील एका इस्पितळात त्या पाच आठवडे होत्या. त्यांना कोशेर जेवणाची बंद पेटी मिळे. अन्न शुद्ध होते, व्यवस्था चोख होती. परंतु उकडलेला बटाटा, गाजर आणि मसाल्यावाचूनची कोंबडी त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या तक्रार करीत नसत. पेटी उघडीत, ब्राखा म्हणत, दोन घास घेत आणि झाकण लावीत. एकदा एवढेच म्हणाल्या, "अन्न आपले आहे रे, पण ओळखीचे नाही."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॅरिस पार्कास गेलो. चार दुकाने फिरलो. पाच प्रश्न विचारीत फिरलो. अखेर शाकाहारी दुकानातून इडली आणि खोबऱ्याची चटणी घेतली आणि गाडीत मांडीवर धरून आणली. आत्याबाईंनी प्रथम डबा हुंगला. मग आमचीच परीक्षा घेतली. भांडे कोणाचे? हात कोणी लावला? सर्व उत्तरे ऐकून त्यांनी एक इडली खाल्ली, नंतर दुसरी. मग विचारले, "तेथे बिरडे मिळते का?"

मिळत नव्हते. वाचकहो, त्या तीन रस्त्यांवर आम्ही त्यानंतर कितीदा हिंडलो आहो! पंजाबचे सर्व मिळते, गुजरातचे मिळते, हैदराबादचे, मद्रासचे मिळते. वालाचे बिरडे आम्हांस एकाही फळ्यावर आढळले नाही. तांदळाची भाकरी नाही, चिकाचा हलवा नाही. मलिदा तर असणारच नाही. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचे ते ताट एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपल्याच घरी भरले जाते. आपली मुले या रस्त्यांवर वाढत आहेत आणि त्यांना वाटते, हेच आपले जेवण. एका मुलीस आम्ही विचारले, तुमच्या घरचा खास पदार्थ कोणता? ती म्हणाली, "बटर चिकन." लोणी आणि कोंबडी! तिच्या पणजीने ती टोपली बाजूला सारली असती.

आत्याबाई घरी आल्या. त्यांनी जिताडा मागितला. कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, तेथील खाड्यांत आणि खाजणांत जिताडा होतो. जावयाला तो खाऊ घालावा अशी रीत. ऑस्ट्रेलियात जिताडा कोठून आणावा, या विवंचनेत असताना आम्हांस कळले की येथे ज्याला बॅरामंडी म्हणतात आणि जो जवळपास प्रत्येक मासळीवाल्याकडे मिळतो, तो तोच मासा. जात तीच. खवले मोठे, रुपयासारखे. आम्ही अख्खा मासा आणला. वाचकांनीही अख्खाच घ्यावा किंवा कातडीसह कापून मागावा. कातडी सोललेल्या तुकड्यावर खवले होते की नव्हते, हे सांगावयास कोणी साक्षी उरत नाही. तसेच 'फ्लेक' या गोंडस नावाने तळून विकतात ती मुशी असते, हेही सांगून ठेवतो.

हिरव्या मसाल्यात, नारळाच्या दुधात, चार कोकमे टाकून आम्ही जिताडा शिजविला. आत्याबाई खुर्चीवर बसून देखरेख करीत होत्या. ताट पुढे येताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "खवले पाहिलेस?" आम्ही कचऱ्यातून दोन खवले काढून धुऊन त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते उजेडाकडे धरले आणि मग जेवल्या. भात दोनदा घेतला.

बिरड्याच्या रोजाला, ज्याला पुस्तकात तिशा बआव म्हणतात, अजून दोन महिने होते. त्या दिवशी बिरडे करू, असे आम्ही त्यांना म्हटले. त्या थांबल्या नाहीत.

त्या वर्षी आम्ही वाल भिजविले नाहीत. पुढील वर्षी भिजविले. वेस्टमीड स्टेशनालगतच्या भारतीय किराणा दुकानात वाल मिळाले. येथे तो महिना कडक थंडीचा, त्यामुळे मोड येण्यास दोन दिवस पुरत नाहीत. पंचात बांधून उबेत, तीन-चार दिवस ठेवावे लागतात. सोलताना आमची बोटे सुरकुतली. बिरडे आत्याबाईंसारखे झाले नाही. पण ओळखीचे झाले.

तर भगिनींनो, सासूबाईंना घेऊन अवश्य या. दोन स्टेशने पुढे जा, प्रश्न विचारा, इडली खा, जलेबीही खा. आणि येण्याचा दिवस चार दिवस आधी संपादकांच्या पत्त्यावर एका ओळीने कळवा. वाल भिजविण्यास तेवढा अवधी लागतो.